मालनचा डावा गाल

"डाग दिसता कामा नये बघा," नणंद म्हणाली. "तुमचं नाव ऐकूनच आलोय."

कॅमेऱ्यापुढच्या स्टुलावर तिची भावजय बसली होती, मालन. वय असेल चोवीस-पंचवीस. डाव्या डोळ्याखालून थेट जबड्यापर्यंत काळंनिळं पसरलेलं. गाल सुजल्यामुळं डोळा अर्धा मिटला होता आणि खालचा ओठ एका बाजूनं फुटून वर आला होता.

"काय झालं हो?" मी विचारलं. विचारायचं म्हणून.

"न्हाणीत पाय घसरला. दगडावर आपटली. वेंधळीच आहे, काय सांगायचं."

स्टुलावरची माझ्याकडं बघत होती.

"मग सूज उतरू द्या की. पंधरा दिवसांनी या, झकास काढू."

"तेवढी सवड कुठाय? हिच्या भावाचं तिसरं पत्र आलंय. आई आजारी आहे, बहिणीला धाडा, नाहीतर मीच न्यायला येतो म्हणतोय. घरात मागावरचं एवढं काम, आत्ता कशी धाडायची? फोटो बघितला की म्हातारीचा जीव निवंल. तुम्ही म्हणे देवीचे वणसुद्धा घालवता."

घालवत होतो, त्यात खोटं नाही. ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. इचलकरंजीत माझा स्टुडिओ होता आणि कोल्हापूरपासून निपाणीपर्यंत ‘मुरलीधर सुतार’ म्हटलं की लोक म्हणायचे, तोच ना, म्हाताऱ्याला नवरदेव करणारा? बापाचा हात रंध्यावर बसलेला, माझा पेन्सिलीवर. तेव्हा फोटो निगेटिव्हवरच दुरुस्त करायचे. तिथं सगळं उलटं. चेहऱ्यावरचं काळं तिथं काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि चमकणारं तिथं काळं. म्हणून डाग घालवायचा तर त्या जागी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं भरत बसायचं आणि सुजेवरची चमक मारायची तर ब्लेडनं हलकं खरवडायचं. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइननं पुसता येते. ब्लेड चुकलं की संपलं. माझं ब्लेड चुकत नव्हतं, आणि त्याचा मला भलता माज होता.

मी दिवा मालनच्या उजव्या बाजूला लावला, म्हणजे डावा गाल आपोआप सावलीत जाणार होता. तिनं मान फिरवली आणि डावा गाल दिव्यासमोर आणला. मी हनुवटीला बोट लावून सरळ केली. तिनं परत फिरवली.

तेवढ्यात नणंद तंबाखूची पिंक टाकायला दाराबाहेर गेली. मालन हळूच म्हणाली, "दादा, हा फोटो माझ्या भावाला जाणार आहे."

"माहीत आहे, ताई."

"मग जसं आहे तसंच राहू द्या."

"बरं," मी म्हणालो.

आता हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायचो. जसं आहे तसं म्हणणारं गिऱ्हाईक जसं आहे तसं बघितलं की तोंड वाकडं करून जातं. एका हेडमास्तरांनी बजावून सांगितलं होतं, माझे देवीचे वण ठेवा, उगीच खोटेपणा नको. ठेवले. तर म्हणाले, तुमचा कॅमेरा जुना झालाय. तेव्हापासून मी मान डोलवायचो आणि मनाचं करायचो. लोक खूश व्हायचे. हीसुद्धा होईल, असं मला वाटलं.

नणंद आत आली तशी मालन गप्प झाली. मान मात्र तिनं तशीच ठेवली, दिव्याकडं. आता किती वेळ झटायचं म्हणून मी तसाच फोटो घेतला.

निगेटिव्ह धुतली, आधी एक कच्चा प्रिंट काढला आणि कामाला बसलो. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. गालावरचं काळंनिळं पेन्सिलीनं भरलं. सुजेची चमक ब्लेडनं उतरवली, ओठ सारखा केला. मिटलेला डोळा उघडला आणि त्यात दिव्याचा एक ठिपका ठेवला. बायको जेवायला हाका मारून दमली. नवा प्रिंट निघाला तेव्हा मीच बघत राहिलो. भरल्या गालाची, तृप्त, आता काहीतरी बोलेल अशी बाई. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. कोल्हापूरला त्या वर्षी पोर्ट्रेटचं प्रदर्शन होतं. हाच पाठवायचा, मी ठरवून टाकलं.

पण त्याआधी सोमवार होता.

सोमवारी बाजार बंद असायचा, म्हणून आम्ही गावातले फोटोग्राफर दुपारी मगदूमच्या स्टुडिओत जमायचो. टेबलावर एकेकाचा प्रिंट ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्यातली एकेक खोट सांगायची. स्तुती करायची नाही, असा नियम होता. दस्तगीर मुल्लाणींनी घालून दिलेला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पासष्टी उलटलेली, हात कापायला लागल्यावर त्यांनी स्टुडिओ बंद केला होता. मला पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलं. बोलायला एकदम फटकळ. मगदूमनं मेव्हण्याच्या लग्नाचा फोटो ठेवला तर म्हणाले, "छान. नवरी सोडून सगळं दिसतंय." त्यामुळं मामा आजारी असले की सोमवार मजेत जायचा. सगळे एकमेकांना चांगलं म्हणायचे, भजी खायचे आणि घरी जायचे.

त्या सोमवारी मामा आले होते.

मी मालनचा फोटो ठेवला. मगदूम वाकून वाकून बघायला लागला. "मुरली, खोट शोधून सापडंना लेका. कोल्हापूरचं पहिलं बक्षीस इचलकरंजीत आलं म्हणून समज." आणखी दोघं होते, त्यांनीही मान डोलवली. मी वर वर म्हणत होतो, अरे सांगा की काहीतरी. आतून फुगलो होतो.

मामा म्हणाले, "कच्चा प्रिंट आणलायस?"

आणला होताच. केवढं काम केलंय ते दिसायला नको? मी तो शेजारी ठेवला. भज्यांची बशी होती तिथंच राहिली.

मामांनी चष्मा वर सारला. आपला कापरा उजवा हात पुढं केला आणि कच्च्या प्रिंटवर मालनच्या गालाशी बोटं धरली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं.

"ही चार बोटं आहेत, मुरली."

"न्हाणीत घसरली ती, मामा."

"असं ती म्हणाली?"

"नणंद म्हणाली."

"मग ती काय म्हणाली?"

मी सांगितलं. जसं आहे तसंच राहू द्या म्हणाली.

"कुणाला जाणार फोटो?"

"भावाला."

मामा खुर्चीत मागं टेकले. "मग हे पत्र आहे रे बाबा. हिची पत्रं घरात वाचून मगच टाकत असतील. त्यात खरं लिहिता येत नसंल, म्हणून चेहरा घेऊन तुझ्याकडं आली. आणि तू सगळं पुसलंस. भावाला कच्चाच जाऊ दे. हा दुसरा तुझ्या प्रदर्शनाला पाठव, नाहीतर भिंतीला लाव, काय करायचं ते कर."

खरं सांगतो, मला त्या वेळी मालन आठवली नाही. दोन दिवस मान मोडून केलेलं काम आणि चार माणसांपुढं हा म्हातारा त्यावर बोळा फिरवतोय, एवढंच मला कळत होतं. कानशिलं तापली माझी.

"मामा, मी कामातली खोट विचारली. तुम्ही गिऱ्हाईकाच्या घरात कशाला शिरताय?"

"कामातलीच सांगतोय."

"पेन्सिल कुठं चुकली ते दाखवा."

"पेन्सिल कुठंच चुकली नाही. तेच सांगतोय तुला."

मगदूम म्हणाला, "मामा, जाऊ द्या. हिरमुसला बघा तो."

आणि मी बोलू नये ते बोललो. "हात चालेना झाला की माणूस दुसऱ्याच्या हाताला नावं ठेवतो."

मामा उठले. मग टोपी घातली. "हात चालंना, हे खरं आहे," ते म्हणाले. "डोळे अजून चालतात." आणि जिना उतरून गेले. मगदूमनं बशी माझ्यापुढं सरकवली. म्हातारा हेकटच आहे, तू मनावर घेऊ नकोस म्हणाला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. एकटीच. फोटो बघून तिनं गालाला हात लावला. "अगंबाई, आमची मालन अशी दिसती होय?" घरात लावायला एक जादा प्रत घेतली. भावाचा पत्ता एका चिठ्ठीवर कुणाकडून तरी लिहून आणला होता, तो माझ्यापुढं ठेवला. "तेवढं पाकिटावर लिहून पोस्टात टाका की. मला त्यातलं कळत नाही."

"टाकतो," मी म्हणालो. ती गेली.

स्टुडिओत मी एकटा होतो. टेबलावर पाकीट, पाकिटावर माझ्याच अक्षरात मालनच्या भावाचा, सर्जेरावचा पत्ता, भुदरगडकडचं कुठलंसं गाव. शेजारी दोन्ही प्रिंट. कुणी बघत नव्हतं. कच्चा घातला असता तर नणंदेला कळायचं कारण नव्हतं. मी कच्चा उचललासुद्धा. पण तो हातात घेतला की मामांची बोटं दिसायची आणि बोटं दिसली की राग यायचा. कच्चा पाठवला म्हणजे म्हाताऱ्याचं खरं झालं. मी दुसरा घातला, डिंक लावला आणि चालत जाऊन पेटीत टाकला.

घरी गेलो तेव्हा बायकोनं आंघोळीसाठी बंब पेटवला होता. कच्चा प्रिंट खिशात होता. तो मी बंबात घातला.

दीड महिन्यानं एक माणूस स्टुडिओत आला. तिशीतला, उन्हानं रापलेला, हातात कापडी पिशवी. डोकं नुकतंच भादरलेलं. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला.

"हा तुम्हीच काढलाय नव्हं? मागं शिक्का आहे."

मी फोटो बघितला, मग त्याचं डोकं बघितलं.

"मी सर्जेराव. मालनचा भाऊ. बारा दिवस झाले. विहिरीत पडली. पाणी शेंदताना पाय घसरला म्हणतात." तो स्टुलावर बसला, त्याच स्टुलावर. "हाच मोठा करून द्या. काचेची चौकट पायजे. तुमचे उपकार आहेत बघा, पावणं. तिचा दुसरा चांगला फोटोच नाही आमच्याकडं."

मी उगीच मापाची वही उघडली.

तो आपणहून बोलत राहिला. "मी निघालोच होतो तिला न्यायला. पिशवी भरून ठेवली होती. मला सारखं वाटायचं, काहीतरी बिनसलंय. तेवढ्यात टपाल आलं. आईनं फोटो बघितला, म्हणाली, कशाला उगीच जाऊन सासरच्यांना दुखवतोस, बघ कशी गाल भरून बसलीय पोरगी. मलाही पटलं. एवढी छान दिसत होती. मग राहिलो."

मला गप्प बसता आलं असतं. चौकट करून दिली असती, तो गेला असता. पण माझ्याच्यानं ते झालं नाही. मी त्याच्यासमोर खाली फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं दोनदा मान फिरवली तेही सांगितलं. तो ऐकत होता. मला मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फोटो माझ्यापुढं धरला.

"कुठं होतं?"

मी बोट ठेवलं.

"केवढं होतं?"

मी दाखवलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, "तिनं कळवलं होतं म्हणायचं मला." आणि नंतर, "खरा कुठाय?"

"जाळला."

"असा दुसरा नाही निघायचा?"

निगेटिव्ह होती. मी ती काढली, टर्पेंटाइननं पेन्सिल पुसली. प्रिंट काढला. मालनचा गाल परत आला, पण कसा? ब्लेडनं जिथं जिथं खरवडलं होतं तिथं तिथं काळे फराटे उठले होते. ओठ चिरडल्यासारखा, डोळ्याच्या जागी डबरा. मी तो प्रिंट घेऊन सर्जेरावसकट थेट मामांच्या घरी गेलो. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच. मामांनी या म्हणून सांगितलं, पाणी दिलं, मागचं काही काढलं नाही. प्रिंट उजेडाला धरून बघितला.

"ह्यातलं मारानं झालेलं कुठलं आणि तू केलेलं कुठलं?"

मी बघितलं. खूप वेळ बघितलं. मला सांगता येईना.

सर्जेराव म्हणाला, "तुम्हाला येतंय नव्हं? तुम्ही बघितलंय तिला. ह्या चांगल्या फोटोवर तसंच परत काढा. चार बोटं काढा. मी फौजदाराला दाखवतो."

मला आलं असतं. एका दुपारचं काम होतं. मी मामांकडं बघितलं.

"काढशील," मामा म्हणाले. "हुबेहूब काढशील. मग वकील विचारंल, मुरलीधर, ह्यातलं तू किती काढलंस? काय सांगशील?" ते सर्जेरावकडं वळले. "बाळा, ह्याला सोबत घेऊन जा. तोंडानं खरं सांगू दे. फोटो आता ह्याच्या हातचा नको."

गेलो. फौजदार वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. फराट्यांचा प्रिंट उलटसुलट करून बघितला आणि खाली ठेवला. मग कागदांतून एक फोटो काढला. नणंदेनं नेलेली जादा प्रत. सासरच्यांनी आधीच आणून दिली होती, सून आमच्याकडं कशी होती ते बघा म्हणून.

"मागं शिक्का कुणाचा?"

"माझा."

"फोटो तुम्हीच काढला?"

"होय."

"मरायच्या महिनाभर आधीचा. ह्यात कुठं मार दिसतोय?"

"साहेब, तो मी घालवला."

"आणि ह्या दुसऱ्यात?"

"ते... ते ब्लेडचं आहे. थोडं तिचं आहे."

फौजदारानं पेन खाली ठेवलं. "अहो, मी तुमच्यावर विश्वास ठेवू की तुमच्या फोटोवर?"

जबाब लिहून घेतला. मामांनीही सांगितलं, मगदूमलाही बोलावलं. मगदूम म्हणाला, मला नीटसं आठवत नाही. प्रकरण अपघात म्हणून मिटलं. पुढच्याच वर्षी मालनच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. त्या लग्नाचे फोटो मगदूमनं काढले.

ठाण्याबाहेर आलो त्या दिवशी सर्जेराव बराच वेळ एसटी स्टँडच्या दिशेनं बघत उभा होता. मग म्हणाला, "मोठा करून द्या."

"हाच?"

"दुसरा कुठाय?"

मी करून दिला. स्वतः घेऊन गेलो त्यांच्या गावी. आई अंथरुणावर होती, काडी झालेली. सर्जेरावनं तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिनं चौकट मांडीवर घेतली आणि पदरानं काच पुसली, पुसलेलीच परत पुसली. डाव्या गालावरून हात फिरवत राहिली.

"सुखात होती माझी पोरगी," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. "बाळ, तुम्ही बघितलं नव्हं तिला, फोटो काढताना? आमच्यातलं शेवटी तिला कुणीच बघितलं नाही. कशी होती? काय बोलली का?"

सर्जेराव भिंतीत खिळा ठोकत होता. त्याचा हात थांबला. तो वळला नाही.

मी म्हातारीच्या हाताकडं बघत होतो.

"काही नाही, आई," मी म्हणालो. "हसत होती."

असं सांगा म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.